सक्षम अधिकाऱ्याचं बोट

आमच्या संस्थेत दरवर्षी खंडेनवमीला आयुधपूजा होते आणि ती परिपत्रकाप्रमाणे होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही घडलं त्यात नियमाबाहेरचं असं काहीच नव्हतं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी परिपत्रक वाचलेलं नाही.

मी नरसिंहराव. हेब्बाळच्या अखिल भारतीय अवरे प्रथिन संशोधन संस्थेचा प्रशासन अधिकारी. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरूत आले. मी इथल्या शिवाजीनगरहून बसने हेब्बाळला येतो, उभ्याने. अवरे म्हणजे पुण्याकडे ज्याला वाल म्हणतात त्याचा इथला भाऊबंद. थंडीत या शहरात अवरेची उसळ, अवरेचा उप्पीट, अवरेचा डोसा, फार काय अवरेची जिलबीही मिळते. एवढं खाऊनही त्यातल्या प्रथिनांविषयी कुणाला काही ठाऊक नाही, ही बाब शासनाच्या लक्षात आली आणि आमची संस्था निघाली. संस्था निघून बरीच वर्षं झाली. इमारतीला दोनदा रंग देऊन झाला.

आमचं मुख्य काम प्रथिनं वेगळी करण्याचं. मी शास्त्रज्ञ नाही, पण खरेदीच्या नस्त्यांवर सह्या करून करून मला हे तंत्र पाठ झालं आहे. प्रथिनं म्हणजे गुंडाळ्या करून बसलेले लांबलचक रेणू. प्रत्येकाची घडी वेगळी, प्रत्येकावरचा विजेचा भार वेगळा. त्यांना लहानमोठेपणानुसार लावायचं तर आधी सगळ्यांना एका पातळीवर आणावं लागतं, आणि ते काम एसडीएस नावाची पांढरी भुकटी करते. ती साबणाच्या कुळातली, शाम्पूतसुद्धा असते. तिच्या द्रावणात प्रथिनं उकळली की त्यांच्या घड्या मोडतात आणि सगळ्यांवर सारखाच ऋण भार चढतो. मग खरवसाच्या वडीसारखी दिसणारी जी जेल असते, तिच्या एका टोकाला ती ठेवायची आणि वीज सोडायची. सगळी दुसऱ्या टोकाकडे धावत सुटतात. लहान पुढे जातात, जाडजूड मागे अडकतात, आणि जिथे जो अडकला तिथे रंग दिल्यावर एक आडवा पट्टा उमटतो. जाडजूड मागे आणि लहान पुढे, हे तंत्र आमच्या संस्थेत मंजूर कसं झालं याचं मला आजही नवल वाटतं.

हे काम करणारी हर्षिता ही माझी भाची, पुष्पावतीअक्काची मुलगी. नात्याचा फायदा मी तिला कधीच दिला नाही. तिला विचाराल तर ती तोट्यांविषयी बोलेल, पण ते असो. त्या वर्षी तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत आली होती. डिसेंबरअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे कॉलेज सुटल्यापासून केलेलं सगळं पाण्यात. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. फक्त एका जेलचा स्वच्छ फोटो हवा होता: अवरेच्या पाच जातींची प्रथिनं शेजारीशेजारच्या लेनमध्ये, म्हणजे जेलमधल्या उभ्या रांगांत, आणि तुलनेसाठी एक रिकामी लेन. दसरा झाला की ते काम उरकायचं असं तिने ठरवलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मल्लाप्पाने, म्हणजे आमच्या अटेंडरने, फाटकाशी कोहळा फोडला, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि आत येऊन सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. सेंट्रिफ्यूजला घातली, फ्रिजला घातली, हजेरीच्या यंत्रालाही घातली. अकरा वाजता संचालक डॉ. वासुदेवराव सोवळं नेसून आले. साहेब स्वच्छतेचे मोठे भोक्ते. कोविडपासून हातावर सॅनिटायझर चोळून चोळून त्यांच्या बोटांची सालं निघतात, पण चोळणं काही थांबलेलं नाही.

हर्षिताच्या प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं इथलं मुख्य आयुध कुठलं?"

हर्षिताने खरं ते सांगितलं. लहानपणापासून तिची हीच खोड आहे. "सर, एसडीएस. त्याच्याशिवाय इथलं एकही प्रथिन जागचं हलत नाही."

मल्लाप्पा कुंकवाचं तबक घेऊन द्रावणाच्या बाटलीला टिळा लावायला पुढे झाला. संचालकांनी त्याला थांबवलं.

"स्वल्प थांब. पूजा म्यानाची करतात का तलवारीची?"

त्यांनी स्वतः बाटलीचं बूच काढलं, उजव्या हाताची तर्जनी कुंकवात बुडवली आणि दुसऱ्या पेरापर्यंत द्रावणात घातली. मंत्र पूर्ण होईपर्यंत ती आतच होती. द्रावण गुलाबी झालं. सगळ्यांनी हात जोडले, चुरमुरे वाटले गेले, आणि हर्षिताचा चेहरा मात्र एखाद्याची दुचाकी ट्रॅफिकवाल्याने उचलून नेल्यावर होतो तसा झाला.

दसरा संपल्यावर ती माझ्या खोलीत आली.

"मामा, ती बाटली मला ओतून टाकायची आहे."

"कार्यालयात मामा म्हणू नकोस. आणि ओतून टाकायची म्हणजे काय? साठ्यातली वस्तू आहे. निर्लेखन समितीची बैठक लावावी लागते. ती मार्चमध्ये असते."

"मग नवीन एसडीएस द्या."

"जुना साठा शिल्लक असताना नवा कसा देणार? लेखापरीक्षक मला उभा चिरतील. तू असं कर, कुंकू गाळून घे."

"कुंकू गाळून जाईल हो. पण जे विरघळलंय ते नाही जाणार."

"काय विरघळलंय?"

"सरांचं बोट."

"बोट मी नंतर पाहिलं," मी म्हणालो. "शाबूत होतं."

ती प्रयोगशाळेत परत गेली. तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. डिसेंबर जवळ येत होता आणि मार्च लांब होता. तिने द्रावण गाळलं आणि जेल चालवली.

जेलवर अवरेच्या पाचही जातींचे पट्टे उत्तम आले. शिवाय एक जास्तीचा पट्टा आला, वरच्या बाजूला, ठसठशीत. तो पाचही लेनमध्ये होता. आणि ज्या सहाव्या लेनमध्ये अवरे घातलंच नव्हतं, नुसतं द्रावण होतं, तिच्यातही होता.

तिच्या मार्गदर्शक डॉ. संयोगिता दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या. त्यांनी फोटो उजेडात धरला. "अगं, हा बँड लिटरेचरमध्ये कुठेच नाहीये."

"मॅडम, रिकाम्या लेनमध्येपण आहे."

"हो की. मग सरळसरळ कंटॅमिनेशन आहे. हे बघ, हा फोटो कोणालाही दाखवू नकोस. रिपीट कर आणि विसरून जा."

सल्ला योग्य होता. पण नेमके त्याच वेळी संचालक हात धुवायला प्रयोगशाळेत आले. आमच्या इमारतीत गरम पाण्याचा नळ तिथेच आहे. हात पुसता पुसता त्यांची नजर फोटोवर गेली आणि ते पुसायचे थांबले.

"हे काय नवीन?"

"सर, ते अवरेचं नाही," हर्षिता म्हणाली. "रिकाम्या लेनमध्येही आलंय."

"म्हणजे बघा," संचालक म्हणाले, "किती तीव्र प्रथिन असेल. शेजारच्या लेनमध्येसुद्धा उतरलं."

दुपारी तातडीची बैठक झाली. प्रथिनाचं नाव वासुदेवीन ठरलं. हे नाव आपण सुचवलेलं नाही, असं इतिवृत्तात नोंदवावं, अशी सूचना संचालकांनी केली आणि मी ती नोंदवली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. हर्षिताला मत नव्हतं, ती विद्यार्थिनी.

रिकाम्या लेनचा प्रश्न मी सोडवला, आणि त्याचं श्रेय मला अजून कुणी दिलेलं नाही. मी टिपणी लिहिली की जेलमधील लेनची संख्या मर्यादित असून त्यातील एक लेन जाणीवपूर्वक रिकामी चालवणे हा निष्फळ खर्च होय, सबब यापुढे सर्व लेन भराव्यात. टिपणी त्याच दिवशी मंजूर झाली.

"मामा, रिकामी लेन ही आमची साक्षीदार असते," हर्षिता म्हणाली. "तीच नाही तर खरंखोटं कसं कळणार?"

"साक्षीदाराला भत्ता द्यावा लागतो," मी म्हणालो. "आपल्याकडे तशी तरतूद नाही."

नोव्हेंबर लागताच बाटली संपली. नव्या भुकटीचं नवं द्रावण झालं आणि त्या द्रावणातल्या जेलवर वासुदेवीन दिसेना. तीनदा पाहिलं, नाही म्हणजे नाहीच. संचालक तेव्हा दिल्लीत वासुदेवीनवरच भाषण देत होते. संस्थेत घबराट पसरली. हर्षिता मात्र कितीतरी दिवसांनी हसत जेवायला आली. "सुटले," ती म्हणाली. "आता तरी कळेल सगळ्यांना."

तसं झालं नाही. आम्ही चौकशी समिती नेमली. भुकटी त्याच कंपनीची, पाणी तेच, अवरे तेच, वीज तीच. फरक एवढाच, की जुन्या द्रावणाची पूजा झाली होती आणि नव्याची नव्हती. समितीने निष्कर्ष लिहिला की हे प्रथिन पूजेनंतर प्रकट होतं. डॉ. संयोगितांनी हरकत घेतली. विज्ञान संस्थेच्या कागदावर पूजा हा शब्द कसा चालेल, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. म्हणून मी त्याजागी 'प्रारंभिक प्राधिकृत स्पर्श' असा शब्द घातला. त्यावर मात्र कुणाची हरकत आली नाही.

तेव्हापासून पद्धत अशी ठरली. एसडीएसचं प्रत्येक नवं द्रावण वापरात घेण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याने त्यात उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत घालावी. अधिकारी दौऱ्यावर असल्यास प्रभारी अधिकाऱ्याचं बोट चालेल. संचालकांच्या बोटाने पट्टा ठळक येई. डॉ. संयोगिता प्रभारी असत तेव्हा फिका येई. त्या हाताला क्रीम लावतात असं हर्षिताचं म्हणणं होतं, पण पट्टा पदानुसार येतो हे संचालकांचं म्हणणं जास्त सुसंगत वाटलं. एकदा दोघंही रजेवर असताना मल्लाप्पाने बोट घातलं. पट्टा संचालकांपेक्षाही ठळक आला. ती जेल नोंदीतून वगळण्यात आली.

हर्षिताने शेवटी एक काम केलं. तिने तो पट्टा जेलमधून कापून घेतला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका संस्थेत यंत्रावर तपासून आणला. ज्या दिवशी निकाल आला त्या दिवशी ती जिने चढून थेट संचालकांच्या खोलीत शिरली. मी तिथे सही घ्यायला उभा होतो.

"सर, हे अवरेचं प्रथिन नाही. हे केराटिन आहे. माणसाच्या कातडीतलं."

संचालकांनी मान वर केली. "माणसाच्या?"

"हो सर. स्पष्टच सांगायचं तर तुमच्या बोटाचं. एसडीएसमध्ये कातडीची सालं विरघळतात. कुणाच्याही बोटाने हा पट्टा येईल. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं हे, हातमोजे घाला म्हणून."

संचालकांनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझी भाची बरोबर होती आणि खोलीतल्या तिघांनाही ते कळलं होतं. मला वाटलं, संपलं. तिची आता पदवी तर होईलच, आणि माझी बदलीही.

"म्हणजे," संचालक सावकाश म्हणाले, "आपल्या अवरेत माणसाच्या कातडीचं प्रथिन आहे."

"नाही सर, आपल्या बाटलीत आहे."

"बाटलीत कुठून आलं?"

"बोटातून."

"आणि बोटात कुठून आलं?"

हर्षिताला प्रश्न कळला नाही.

"मी लहानपणापासून अवरे खातो," संचालक म्हणाले. "नरसिंहराव, टिपून घ्या."

संध्याकाळपर्यंत वृत्तपत्रांना पत्रक गेलं. अवरेत मानवी त्वचेशी तंतोतंत जुळणारे प्रथिन आढळले असून हा शोध त्वचेच्या आरोग्यासाठी क्रांतिकारी ठरेल, असं त्यात होतं. मसुदा माझाच. 'तंतोतंत' या शब्दाचं मला विशेष समाधान वाटलं, कारण तो अक्षरशः खरा होता.

पंधरवड्यात चिकपेटेतला संतोषकुमार नावाचा व्यापारी संस्थेत आला. तीन पिढ्या साड्यांचा घाऊक धंदा, पण हल्ली साड्यांपेक्षा कातडीला उठाव जास्त आहे हे त्याने ओळखलं होतं. तंत्रज्ञान हस्तांतरणाचा करार झाला आणि बाजारात 'अवरेकांती' आलं. भाजलेल्या अवरेचं पीठ, थोडी वेलची, एक चमचा दुधातून. करारात अट होती की प्रत्येक घाण्याचा नमुना आमच्याकडे तपासला जाईल आणि वासुदेवीनचा पट्टा आल्याशिवाय माल विकला जाणार नाही. दर सोमवारी संचालक येऊन नव्या बाटलीत बोट घालत, आणि एकही घाणा कधी नापास झाला नाही. एवढा निर्दोष माल देशात दुसरा नसावा.

आमच्या घरीही डबा आला. अक्का रोज ताजा डबा आणायला शिवाजीनगरहून चिकपेटेपर्यंत चालत जायची आणि चालत यायची, कारण गर्दीत रिक्षावाले येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत तिचा चेहरा खरंच तजेलदार दिसू लागला.

रात्री जेवताना तिने हर्षितासमोर गाल पुढे केला. "बघ. हात लावून बघ."

"अम्मा, ते भाजलेल्या अवरेचं पीठ आहे. नुसतं पीठ. तू रोज एवढं चालतेस, म्हणून तजेला आलाय."

"चालते तर मी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून तू रिक्षाने जातेस."

"सरी, सरी, बरं. पीठ तर पीठ. विष तर नाही ना?" अक्काने तिच्या ताटात भात वाढला. "सगळं गाव खुळं आणि तू एकटी शहाणी होय ग? त्यांना हवं ते लिहून टाक, पदवी घे, आणि मग बस आयुष्यभर खरं बोलत. पदवी नसताना तुझं खरं ऐकणार कोण?"

हर्षिताचे डोळे भरून आले. तिने ताट सरकवलं नाही, ती तशीच जेवत राहिली. मला तिची फार दया आली. ही दया मी घरी असतानाच आली म्हणून सांगतो. कार्यालयात ती येऊ देणं योग्य ठरलं नसतं.

अक्काचं म्हणणं डॉ. संयोगितांनीही वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. "हे बघ हर्षिता, मला पटतंय ग तुझं सगळं. पण नियम काय म्हणतो? प्रबंधात काहीतरी नवीन हवं. 'वासुदेवीन सापडलं' हे नवीन आहे. 'बोट लागलं म्हणून पट्टा आला' हे कोणालाही ठाऊक आहे. मग खऱ्यासाठी तुला डिग्री देणार कशाच्या बेसिसवर?"

म्हणजे खोटं लिहिलं तर शोध आणि खरं लिहिलं तर पाठ्यपुस्तक. हर्षिताने दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने प्रबंध दिला आणि त्यात खरं लिहिलं. मुदतीच्या आत दिला, हे तिचा मामा म्हणून मी अभिमानाने नमूद करतो.

तोंडी परीक्षा खुली असते. एरवी तिला परीक्षक, मार्गदर्शक आणि बिस्किटांसाठी आलेली मुलं एवढेच असतात. त्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वासुदेवीनवर परीक्षा आहे म्हटल्यावर अर्धं चिकपेट लोटलं होतं. पहिल्या रांगेत संतोषकुमार, त्याच्या मागे अक्का आणि तिच्याबरोबर आमच्या गल्लीतल्या बायका, सगळ्यांचे चेहरे तुकतुकीत. संचालक मधोमध बसले होते आणि त्यांनी तर्जनीला पट्टी बांधली होती, कारण सोमवारची कामं फार वाढली होती.

हर्षिता उभी राहिली. तिने खंडेनवमीपासूनची हकीकत सांगितली. मग पडद्यावर एकच जेल दाखवली, फक्त दोन लेनची. दोन्ही लेन नियमाने निषिद्ध, म्हणजे रिकाम्या.

"पहिल्या लेनमध्ये स्वच्छ एसडीएस आहे. हात न लागलेलं. काही दिसत नाही. दुसऱ्या लेनमध्ये स्पर्श झालेलं एसडीएस आहे. हा बघा पट्टा. यात अवरेचा एक दाणाही नाही. वासुदेवीन असं काही नाही. हे कातडं आहे."

मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती माझी भाची असल्याचं फार बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी हात वर केला.

"ते जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

मग संतोषकुमार उठला. तो अत्यंत गंभीर दिसत होता आणि मला वाटलं, आता करार मोडणार, वकील येणार.

"मॅडम, अवरे न घालता पट्टा येतो?"

"हो. तेच तर सांगतेय."

"तेवढाच येतो?"

"थोडा जास्तच ठळक येतो. मध्ये दुसरी प्रथिनं नसतात ना."

"थँक्स, मॅडम," म्हणून तो खाली बसला आणि त्याने लगेच कुणालातरी फोन लावला.

परीक्षक शेजारच्या खोलीत गेले. परत येऊन त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी निकाल वाचला. उमेदवाराने वासुदेवीन हे प्रथिन कोणत्याही कच्च्या मालाशिवाय, केवळ एसडीएसच्या साहाय्याने, अधिक शुद्ध स्वरूपात मिळवण्याची पद्धत प्रथमच सिद्ध केली असून हे ज्ञानातील मौलिक योगदान होय. पदवीची शिफारस एकमताने. टाळ्या बराच वेळ वाजल्या. संचालकांनी पट्टी बांधलेल्या बोटाने जमेल तेवढ्या वाजवल्या. अक्का रडत होती आणि शेजारणींना सांगत होती की मुलगी पहिल्यापासून हुशार.

लोक पांगल्यावर हर्षिता माझ्या खोलीत येऊन बसली. हातात कुणीतरी दिलेला गुलाबांचा हार होता.

"मामा, मी त्यांचं ऐकलं असतं तर निदान कुठेतरी एक खरी गोष्ट सांगायची राहिली असती," ती म्हणाली. "आता मी ती सांगून बसले. आणि त्यांनी तिच्यावर शिक्का मारून तिचंच दुकान काढलं. आता मी काय सांगू?"

मी प्रशासनात आयुष्य घालवलेला माणूस. प्रत्येक अर्जाला माझ्याकडे काहीतरी उत्तर असतं, निदान 'विचाराधीन' तरी. त्या दिवशी मी तिला कॉफी मागवून दिली. तेवढंच करता आलं.

अवरेकांतीत आता अवरे नसतं. तांदळाचं पीठ असतं आणि वेलची असते. डब्यावर 'मौलिक संशोधनावर आधारित' असं लिहिलेलं आहे आणि ते खरंच आहे, प्रबंध ग्रंथालयात आहे. गिऱ्हाइकं म्हणतात, पूर्वीपेक्षा हलकं वाटतं.

ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली. डॉक्टरांना, वकिलांना, पुण्याच्या नातेवाइकांना. सगळे पोट धरून हसतात. संचालकांना हसतात, मला हसतात, आमच्या अक्काला तर फारच हसतात. मग डोळे पुसतात, इकडेतिकडे पाहतात आणि आवाज खाली आणून एक प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारणारच आहात, तेव्हा तुमचा वेळ वाचवतो. चिकपेटेत, मेट्रोतून वर आल्यावर डाव्या हाताची दुसरी गल्ली. जेवणाआधी घ्यायचं. रविवारी दुकान बंद असतं.